परब बाई नाचायला जातात

डोंबिवलीजवळच्या कोपरमध्ये परब बाईंना ओळखत नाही असा माणूस भेटला, तर तो नुकताच राहायला आलाय असं खुशाल समजावं. कल्पिता परब गेली कित्येक वर्षं तिथल्या मराठी शाळेत पीटी शिकवते. ताठ मान, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, ओढणी खांद्यावरून तिरपी घेऊन कमरेला गाठ मारलेली. ती भाजी घ्यायला बाजारात गेली तरी नाक्यावरचा एखादा रिक्षावाला नकळत ताठ बसतो, कारण तोही कधीतरी तिच्या मैदानावर उन्हात उभा राहिलेला असतो. तिला त्याचं काही वाटत नाही. खरं तर बरंच वाटतं.

घरीही तिचंच चालायचं, पण ते तिनं मागून घेतलेलं नव्हतं. कॉलेजात असताना वडील गेले, आई खचली, आणि धाकट्या दोन भावंडांच्या शाळा, आजारपणं, लग्नं सगळं हिच्यावर आलं. पुढं होऊन निस्तरायची सवय तेव्हा लागली ती लागलीच. नवरा सुधीर डोंबिवली एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला. अबोल, समाधानी माणूस. कुठं जायचं, काय घ्यायचं, मुलाला कुठल्या कॉलेजात घालायचं, हे सगळं तिच्यावर सोपवून तो केव्हाच मोकळा झालेला. मुलगाही आता पुण्याला नोकरीला लागला होता.

भाऊबीजेला कल्पिता ठाण्याला भावाकडे गेली. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि भावाची मुलगी रुचिता तोंड पाडून तिच्या शेजारी येऊन बसली. रुचिता आयटी कंपनीत नोकरी करायची आणि शनिवार-रविवार स्विंग नावाचा नाच शिकायला जायची. शंभरेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या काळ्या लोकांच्या वस्तीत जन्मलेला हा नाच. जोडीनं, जॅझच्या तालावर, उड्या मारत आणि हसत करायचा. त्याचा आठवडाभराचा कॅम्प सोमवारपासून होता, शहाडच्या पुढं मुरबाड रस्त्याला, रायत्याजवळ नदीकाठच्या एका रिसॉर्टमध्ये. रुचिताबरोबर जाणाऱ्या मैत्रिणीला ऐनवेळी ऑफिसनं हैदराबादला पाठवलं होतं.

"आत्या, तिची जागा फुकट जाणार. तू चल ना."

"मी? मी काय करू तिथं?"

"नाच."

कल्पिता हसली, पण नाही म्हणताना तिच्या लक्षात आलं की नाही म्हणायला कारण सापडत नाहीये. शाळेला सुट्टी, मुलगा पुण्याला परत गेलेला. दर दिवाळीच्या सुट्टीत ती घराचं रंगकाम काढायची, नाहीतर कुणाचं तरी बाळंतपण करायची. या वर्षी दोन्ही नव्हतं.

घरी येऊन तिनं सुधीरला विचारलं. म्हणजे विचारलं नाही, सांगितलं, पण सांगताना आवाज नेहमीसारखा लागला नाही. सुधीर पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "जा की. मला भात लावता येतो."

सोमवारी सकाळी रुचिताच्या गाडीतून दोघी निघाल्या. रायत्याला भातकापणी चालू होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाऱ्यांचे ढीग. रिसॉर्टचा लग्नाचा हॉल नाचासाठी मोकळा केलेला होता. मुंबईहून, पुण्याहून, पार बंगळुरूहून आलेली चाळीसेक माणसं. बहुतेक तिशीतली. शिकवणारे दोघं, मितेश आणि करिश्मा. मितेश डोंबिवलीत वाढलेला गुजराती, मराठी फर्डं बोलायचा. करिश्मा ठाण्याची, बुटकी, चटपटीत, आवाज जरा बसलेला.

सुरुवातीला सगळ्यांना रांगेत उभं करून नुसती पावलं शिकवली. एक मागं, एक जागेवर, मग तीन भरभर. कल्पिताच्या पायांना हे सांगावंच लागलं नाही. आयुष्यभर ड्रमच्या ठोक्यावर मुलं चालवलेली. थोड्या वेळानं मितेशनं तिला पुढच्या रांगेत आणलं.

"मॅडम, आधी शिकलायत कुठं?"

"नाही. कवायत घेते रोज."

तिला मनातून फार बरं वाटलं. रुचिता मागच्या रांगेतून अंगठा दाखवत होती.

मग जोड्या लावल्या, आणि घोटाळा झाला. या नाचात एक जण लीडर आणि एक फॉलोअर. लीडरनं हाताच्या हलक्या इशाऱ्यानं सुचवायचं, फॉलोअरनं तो इशारा समजून पाऊल टाकायचं. दर दोन मिनिटांनी जोडीदार बदलायचा. बायका बहुतेक फॉलोअर, म्हणून कल्पितालाही त्याच बाजूला उभं केलेलं. पहिला मुलगा पुण्याचा होता. त्यानं तिचा हात धरला, आणि त्यानं काही सुचवायच्या आत कल्पिता डावीकडं निघाली. बिचारा तिच्यामागं फरफटला. दुसऱ्याला तिनं नाचता नाचता सांगितलं, "खांदे मागं घे, पोक काढतोस तू." तिसरा नम्रपणे म्हणाला, "आँटी, मी तुम्हाला फिरवणार होतो. तुम्हीच मला फिरवलंत."

चौथा जोडीदार समोर आला आणि जागच्या जागी थिजला. उंच, सावळा, दाढी राखलेला तरुण. दोन्ही हात त्यानं आपसूक पाठीमागं नेले.

"बाई, तुम्ही?"

कल्पितानं डोळे बारीक केले. "साळवे ना रे तू? राजरत्न साळवे?"

"हो बाई."

राजरत्न तिच्या शाळेत शिकलेला, रिले संघातला. आता कल्याण पूर्वेला राहायचा आणि एका हॉस्पिटलात डायलिसिस टेक्निशियन होता. कॅम्पातल्या चांगल्या लीडरांत त्याचं नाव घेतलं जायचं. संगीत सुरू झालं. त्यानं दबकत तिचा हात धरला आणि तसाच उभा राहिला.

"अरे, हल की."

"हलतो बाई. पण तुम्हाला वळवायचं म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"भीती वाटते."

आजूबाजूच्या दोन-चार जोड्या हसून थांबल्या. कल्पितालाही हसू आलं, पण त्यात थोडं दुखलंही. दिवसभर तेच चाललं. एकटीनं करायचं तिथं ती पहिली, कुणाचा हात धरायचा म्हटलं की सगळ्यांत शेवटची. संध्याकाळपर्यंत मुलं तिच्याशी जोडी लागली की उगाच घसा खाकरायला लागली.

जेवताना तिनं रुचिताला सांगून टाकलं, "मला नाही जमायचं हे. उद्या सकाळी रिक्षानं शहाडला जाते आणि घर गाठते."

रुचितानं तोंडातला घास संपवला. "आत्या, रागावू नकोस. पण तू थांबतच नाहीस. समोरच्याला काय सुचवायचंय ते ऐकून तरी घे. घरी पण तसंच. बेल वाजल्यावर काका उठून दारापर्यंत पोचायच्या आत तू कडी काढलेली असतेस."

"मग काय, बेल वाजत ठेवायची?"

"थोडी वाजू दे की."

कल्पिता ताट उचलून उठली. पोरीचं बोलणं तिला लागलं, आणि लागलं म्हणूनच ती सकाळी गेली नाही. पळून गेली असं कुणी म्हणायला नको, एवढं एकच कारण तेव्हा तिच्यापाशी होतं.

दुसऱ्या दिवशी करिश्मानं तिला बाजूला घेतलं. तिनं पहिल्या दिवशी सगळं पाहिलेलं होतं.

"ताई, तुम्ही लीडर व्हा."

"बाया होतात?"

"कुणीही होतं. बाप्यानं लीड करायचं आणि बाईनं फॉलो, असा काही कायदा नाहीये. मी पण लीड करते. आणि आपल्याकडं एक गृहस्थ आहेत, त्यांना फॉलोच करायचंय. कालपासून मागं लागलेत."

ते गृहस्थ म्हणजे महेंद्र दळवी. नौपाड्याला राहणारे, पोस्टातून निवृत्त झालेले, टक्कल, पोट आणि चेहऱ्यावर कायम एक लाजरं हसू. बायको तीर्थयात्रेला गेलीय म्हणून मुलीनं त्यांना इथं पाठवलं होतं.

"मला फक्त कुठं जायचं ते सांगा," ते कल्पितासमोर उभे राहून म्हणाले. "मी जातो. ठरवायचं म्हटलं की माझे पाय एकमेकांत अडकतात."

कल्पितानं त्यांचा हात धरला. गाणं सुरू झालं. तिनं जरासं मागं रेलून त्यांना आपल्याकडं ओढलं आणि ते पोट सांभाळत अलगद आले. तिनं हात उचलला, ते खालून गोल फिरले. फिरून पुन्हा समोर आले तेव्हा त्यांचं हसू लाजरं राहिलेलं नव्हतं.

"अहो, जमलं की," ते म्हणाले.

"गप्प राहा आणि पुन्हा फिरा," कल्पिता म्हणाली.

त्या दिवशी तिला कळलं की आपण आयुष्यभर जे करत आलो त्यात एवढी मजा असू शकते. मैदानावर साठ मुलं तिच्या शिट्टीवर वळायची, पण ते वळवणं होतं. इथं समोरच्या माणसाचं सगळं वजन तिच्या बोटांत येऊन थांबायचं आणि तिनं सुचवलं की ते हसत दुसरीकडं जायचं. दुपारपर्यंत हॉलमध्ये बातमी पसरली. पुण्याचा मुलगा येऊन म्हणाला, "आँटी, मला पण फॉलो करायचंय एकदा." मुली रांग लावायला लागल्या. तिची पकड पक्की, ताल सुटत नाही, आणि तिच्याबरोबर नाचताना आपण पडणार नाही याची खात्री वाटते, असं बंगळुरूची एक मुलगी हिंदीत सांगत होती. रुचिता तर आपल्या आत्याची ओळख सगळ्यांना दोन-दोनदा करून देत होती.

पहिले दोन दिवस कल्पितानं संध्याकाळी सुधीरला फोन केले होते. आमटी गरम करून घ्या, गॅस बंद केला का बघा, गुरुवारी कचरा उचलायला लवकर येतात. बुधवारी फोन राहिला. गुरुवारी सकाळी सुधीरचाच आला.

"काल फोन नाही केलास."

"विसरले अहो. सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. तू विसरलीस?"

"हो. नाचत होते."

सुधीर म्हणाला, "बरं झालं," आणि तो हसतोय हे तिला ऐकू आलं.

त्याच दिवशी मितेश चहाचा कप घेऊन तिच्यापाशी आला. शनिवारी शेवटच्या संध्याकाळी घरच्या लोकांना बोलवायचं होतं, छोटा कार्यक्रम करायचा होता. "बाई," तोही आता बाईच म्हणायला लागला होता, "मुलांना थोडं लेझीम शिकवाल का? स्विंग आणि लेझीम एकत्र केलं तर काय भारी दिसेल."

कल्पितानं चहाचा घोट घेतला. "नाही शिकवणार."

"का?"

"मी सुट्टीवर आहे."

मितेशनं कान पकडले आणि तिच्या बशीत स्वतःजवळचं खारं बिस्किट ठेवून निघून गेला.

लीडर म्हणून ती आता कुणाला ऐकत नव्हती. पण ते पहिल्या दिवसाचं कुसळ आत राहिलंच होतं. बाकीच्या बाया मान सैल सोडून, कुणी कुठं नेईल तिकडं हसत जायच्या, ते तिला पाहवतही नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. शुक्रवारी दुपारी सगळे जेवून लोळत असताना ती राजरत्नला म्हणाली, "साळवे, माझ्याबरोबर नदीवर चल. मला फॉलो करायला शिकव."

उल्हास नदीला अजून चांगलं पाणी होतं. काठावरच्या चौथऱ्यावर झाडाची सावली होती. पलीकडच्या तीरावर दोन बाया कपडे धूत होत्या. राजरत्ननं मोबाईलवर एक संथ गाणं लावून तो कठड्यावर ठेवला.

"बाई, डोळे मिटा."

"कशाला?"

"दिसतं म्हणून तुम्ही आधीच ठरवता."

तिनं मिटले. दोन पावलं झाली आणि उघडले. "सवय नाही रे. डोळे मिटले तर मागच्या रांगेत काय चाललंय कसं कळणार?"

"इथं मागं नदी आहे बाई. ती काही मस्ती करत नाही."

तिनं पुन्हा मिटले. त्यानं तिचा हात हातात घेतला, पण नाचायला सुरुवात केली नाही. नुसताच धरून उभा राहिला. कल्पितानं विचारलं, "झालं काय?"

"काही नाही. आमच्याकडं नवीन पेशंट येतो ना, तो हात असा ताठ धरतो. सुई टोचायच्या आधी मी काही बोलत नाही, घाई करत नाही. हात धरून बसतो. थोड्या वेळानं सैल पडतो आपोआप."

"आणि नाही पडला तर?"

"तर अजून थोडं बसतो."

कल्पिता उभी राहिली. कपडे आपटल्याचा आवाज येत होता. गाणं संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ज्या मुलाला तिनं धावताना हातात दांडका द्यायला शिकवलं होतं त्याचा हात आता रुंद आणि उबदार होता, आणि तो हात कशाचीच वाट बघत नसल्यासारखा शांत होता. तिच्या खांद्यातलं काहीतरी उतरलं. नेमकं तेव्हाच त्यानं तिला हलकेच मागं नेलं आणि ती गेली. डावीकडं, मग गोल. आपण कुठं निघालोय ते तिला माहीत नव्हतं. घोट्यापासून वर कुठंतरी एक गुदगुली उठली, लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर पोटात उठायची तशी, आणि ती मोठमोठ्यानं हसायला लागली. डोळे मिटूनच हसत राहिली. राजरत्नही हसायला लागला. पलीकडच्या बाया हात थांबवून बघत होत्या.

गाणं थांबल्यावर तिनं डोळे उघडले. चौथऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली होती.

"बाई, तुम्ही अशा हसता?" राजरत्न म्हणाला. "शाळेत कधी ऐकलं नाही आम्ही."

"शाळेत मला कुणी फिरवलं नाही रे."

शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये दिव्यांच्या माळा लागल्या. मितेशनं कल्याणचा एक लग्नाचा बँड बोलावला होता. तुळशीची लग्नं व्हायची होती म्हणून बँडवाले मोकळे होते. त्यांचे मास्तर जगन, पांढऱ्या मिशांचे, ट्रम्पेट वाजवायचे. आठवड्यापूर्वी मितेशनं त्यांना मोबाईलवर चार जुन्या जॅझच्या चाली ऐकवल्या होत्या. मास्तर म्हणाले होते, हे तर आमचंच सामान आहे, फक्त घोडा नाही. पनवेलहून एक कार्यक्रम उरकून येताना त्यांची गाडी शीळफाट्याला अडकली. घरचे लोक येऊन बसले, वडे संपत आले, तरी बँडचा पत्ता नाही. शेवटी ते लाल कोट घालतच आत शिरले आणि मास्तरांनी श्वास घेऊन पहिला सूर लावला तसं अख्खा हॉल उभा राहिला. तोपर्यंत सगळे स्पीकरवरच्या गाण्यांवर नाचत आले होते. पण हा आवाज छातीवर येऊन आदळत होता.

सुधीर आलेला होता. लॅबमधून सुटून थेट, इस्त्रीचा शर्ट, हातात चकल्यांचा डबा. तो भिंतीशी खुर्ची ओढून बसला. त्याच्या समोरच त्याच्या बायकोनं एका टकल्या गृहस्थांना असं गरगर फिरवलं की त्यांचा चष्मा उडाला, आणि ते चष्मा शोधायचं सोडून पुन्हा फिरायला आले. मग एका दाढीवाल्या मुलानं येऊन तिच्यापुढं हात केला. कल्पितानं त्याच्या हातात हात दिला आणि सुधीरनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं की ती कुणीतरी न्यावं म्हणून वाट बघतेय. ट्रम्पेट वर चढलं. तो मुलगा तिला लांब सोडत होता, पुन्हा जवळ आणत होता, आणि ती खिदळत होती. सुधीरनं डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

गाणं संपल्यावर ती धापा टाकत त्याच्याकडं आली. कपाळावर केस चिकटलेले, ओढणीची गाठ सुटलेली.

"कसं वाटलं?"

"मला पण शिकव," सुधीर म्हणाला.

"तुम्हाला?"

"हो. तो करत होता ते. तुला घेऊन जायचं ते."

कल्पितानं त्याच्याकडं नीट बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं आपणहून काही मागितल्याचं तिला चटकन आठवेना. ती त्याला मधोमध घेऊन आली. पावलं दाखवली. एक मागं, एक जागेवर, तीन भरभर. सुधीरनं चुकवली. पुन्हा चुकवली. मास्तरांनी ओळखून चाल सावकाश केली. सुधीर खाली आपल्या पायांकडं बघत ओठांनी मोजत होता. त्याला कुठं जायचंय ते कल्पिताला कळत होतं आणि तिचे पाय शिवशिवत होते, पण ती थांबली. थांबायला तिला फार कष्ट पडले. मग सुधीरचा हात हलला, अगदी किंचित, उजवीकडं. ती उजवीकडं गेली.

"गेलीस की," तो चकित होऊन म्हणाला.

"तुम्ही नेलंत म्हणून."

बाजूनं रुचिता महेंद्रकाकांना घेऊन सुसाट गेली आणि दोघांना धडकता धडकता वाचली.

आता दर रविवारी दोघं ठाण्याला मितेशच्या वर्गाला जातात. सोमवारी मैदानावर परब बाई पहिल्यासारख्याच ओरडतात. पोक काढून उभं राहिलेलं त्यांना अजून चालत नाही. सुधीरला अजून चारच प्रकार येतात आणि तेच तो उलटसुलट करत बसतो. कधीकधी मध्येच अडकला की कल्पिता हात बदलून स्वतः लीड करायला लागते. तोही तितक्याच आनंदानं फिरतो. मग म्हणतो, "आता परत मी." आणि तिला पुन्हा वाट बघावी लागते.